इटलीतला मराठा शिपाई रंगवण्याआधीची तयारी

छोटी लष्करी मूर्ती रंगवायची असेल तर आधी तारीख ठरवा, रंग नंतर. "दुसऱ्या महायुद्धातला मराठा शिपाई" एवढ्या माहितीवर ब्रश हातात घेऊ नका. ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेल्या दोन वीरांचंच बघा. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढले, शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर. रेजिमेंट एक, देश एक, पण ऋतू वेगळा. इटलीत उन्हाळ्यात सुती खाकी ड्रिल आणि थंडीत जाड लोकरी बॅटलड्रेस असे. एप्रिल अगदी सांध्यावर येतो, तेव्हा त्याच महिन्यातले, त्याच भागातल्या भारतीय तुकड्यांचे फोटो पाहिल्याशिवाय कापड ठरवू नका.

फोटोंसाठी लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा ऑनलाइन संग्रह उघडा आणि फोटोखालची तारीख व ठिकाण टिपून ठेवा. कृष्णधवल फोटोतून बाह्या किती दुमडल्या होत्या, पट्टे कसे बांधले होते, हेल्मेटवर जाळी होती का, हे घ्या. रंग घेऊ नका. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल काळपट उमटतो आणि निळा फिका. आज संगणकावर रंगवलेले फोटो तर पुरावा म्हणून धरूच नका, तो कुणाचा तरी अंदाज असतो.

मूळ कपडा बघायला मिळाला तर वरून पाहून परतू नका. खाकी ड्रिल उन्हाने आणि धुण्याने विटत जातं, कधी जवळजवळ पांढुरकं होतं. शिवणीच्या आत, कॉलरखाली, खिशाच्या झाकणाखाली मूळ रंग टिकलेला असतो. या दोन्ही छटा वहीत उतरवा. नवा शिपाई आणि दोन वर्षं लढलेला शिपाई एकाच रांगेत उभे असतील, तर त्यांची खाकी एकसारखी दिसता कामा नये, असं मला ठामपणे वाटतं. बॅटलड्रेस मात्र तपकिरीकडे झुकतो. त्याला ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे अमेरिकन सैन्याचा हिरवट रंग, लावण्याची चूक फार होते. शिपायाच्या अंगावरचे १९३७ पॅटर्नचे, म्हणजे त्या वर्षीच्या नमुन्याचे, पट्टे आणि थैल्या वेगळ्या कापडाच्या. त्यांवर ब्लँको, म्हणजे पट्ट्यांना लावायचा रंगीत लेप, चोपडत, म्हणून त्यांची छटा शर्टापासून वेगळी मिसळा.

मग प्रसंग वाचा. घाडग्यांच्या हाती टॉमी गन, म्हणजे छोटी स्वयंचलित बंदूक, होती. गोळ्यांचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा तीच उलटी धरून त्यांनी शत्रूवर घाव घातले. हाती रायफल असलेली मूर्ती त्यांच्यासाठी घेऊ नका. जाधव जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि उभ्या काठावरून घेऊन आले होते. ओलं कापड गडद होतं, त्यावर चिखल बसतो. त्या मूर्तीला कोरडी पिवळी धूळ शोभणार नाही.

शेवटी बाटलीवरच्या नावावर विसंबू नका. 'खाकी' लिहिलेल्या तीन कंपन्यांच्या बाटल्यांत तीन रंग निघतात. प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यावर प्रत्येकीचा पट्टा ओढा, पूर्ण वाळू द्या आणि दिवसाच्या उजेडात बघा. २८ मिलिमीटरच्या मूर्तीवर खरा रंगही काळवंडलेला दिसतो, म्हणून थोडा फिका करा आणि मिश्रणाचं प्रमाण त्या पट्ट्याशेजारीच लिहा. सहा महिन्यांनी त्याच पलटणीचा पुढचा शिपाई रंगवायला घ्याल, तेव्हा हाच तुकडा समोर ठेवायचा आहे.