कराडची आगाशिव लेणी: अर्ध्या दिवसात नीट कशी पाहावीत

आगाशिवाचा डोंगर कराडकरांना नवा नाही. पहाटे व्यायामाला चढणारे असतात, श्रावणात माथ्यावरच्या महादेवाला जाणारे असतात. याच डोंगराच्या पोटात साठांवर बौद्ध लेणी आहेत, पण बहुतेक जण दोन-तीन गुहांत डोकावतात, अंधार नि वटवाघळांचा वास आला की परत फिरतात. त्यात त्यांची चूक नाही. अजिंठ्याला चित्रं समोर येऊन उभी राहतात, इथे काय बघायचं हे ठरवूनच जावं लागतं.

आधी एवढं माहीत असू द्या

ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, थेरवादी परंपरेतली. म्हणून बुद्धमूर्ती शोधत बसू नका. त्या काळी पूजा व्हायची ती स्तूपाची. कराडचं जुनं नाव करहाटक, आणि हे गाव तेव्हा चांगलंच नांदतं होतं. मध्य प्रदेशातल्या भारहुत स्तूपाच्या शिलालेखांत करहकट, म्हणजे याच गावाच्या दानाची नोंद आहे. रायगड जिल्ह्यातल्या कुडे लेण्यांत महिक नावाच्या, करहाकडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणं दान केल्याचा लेख आहे. कोकणातून कुंभार्ली घाट चढून आलेला माल याच बाजूने देशावर जायचा. व्यापाऱ्यांचा पैसा, भिक्खूंना पावसाळ्यात राहायला जागा, आणि गावापासून भिक्षेला जाऊन येता येईल इतकं अंतर, असा सगळा मेळ इथे जमला होता.

केव्हा जायचं

माझं मत विचाराल तर डिसेंबर-जानेवारी. जखिणवाडीच्या अंगाचा मुख्य गट दक्षिणेकडे तोंड करून आहे. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे ऊन लेण्यांत बरंच आतवर येतं. उन्हाळ्यात कातळ तापतो. पावसाळ्यात डोंगर देखणा दिसतो खरा, पण शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकतो आणि गवतात पायाखालचं दिसत नाही.

कसं पोहोचायचं

साताऱ्याहून पुणे-बंगळूर महामार्गाने कराड सुमारे ५० किलोमीटर. एसटीने आलात तर स्टँडवरून जखिणवाडीसाठी रिक्षा ठरवा. अंतर चार-पाच किलोमीटर आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, कराडचं स्टेशन ओगलेवाडीला, गावाच्या पूर्वेला आहे आणि डोंगर बरोबर उलट्या दिशेला. पायात पकड असलेले बूट, प्रत्येकी दोन लिटर पाणी आणि एक चांगली बॅटरी. मोबाइलच्या उजेडावर भागवू नका.

पाहायचं कसं

लेणी तीन गटांत विखुरली आहेत. सगळी पाहण्याचा हट्ट धरू नका; जखिणवाडीच्या अंगाचा पहिला गट सावकाश पाहिलात तरी पुष्कळ झालं. सुरुवात चैत्यगृहापासून, म्हणजे स्तूपाच्या पूजेच्या दालनापासून करा. मागची भिंत अर्धगोल, छत कमानदार आणि आत कातळातच कोरलेला स्तूप, अशी त्याची खूण. आत जाण्याआधी दाराशी थांबा. दोन्ही बाजूंना भिंतीलगतचे खांब आहेत. एकावर चक्र, दुसऱ्यावर सिंह. इथला कातळ भरड, त्यामुळे कोरीवकाम झिजलेलं आहे आणि समोरून बॅटरी मारली तर सपाट दगडाशिवाय काही दिसत नाही. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरा. उजेड बाजूने सरकला की सावल्या पडतात आणि कोरलेल्या रेषा उठून येतात. ही युक्ती पुढे प्रत्येक लेण्यात कामी येईल.

मग विहारांकडे, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या लेण्यांकडे वळा. मधे चौकोनी दालन, भोवती छोट्या खोल्या, खोलीत कातळाचाच ओटा. तो ओटा म्हणजे भिक्खूचं अंथरूण. खोलीच्या दाराच्या चौकटीपाशी मात्र गुडघे टेकून बसा. वर-खाली गोल खळगे आणि कडेला खाचा सापडतील. लाकडी दार तिथे बसवलेलं असायचं. लाकूड केव्हाच गेलं, खळगे राहिले. भिंतीवर छिन्नीचे तिरके घावही दिसतात. काही ठिकाणी ते इतके सरळ ओळीत आहेत की ते एकाच माणसाचं काम असावं असं वाटतं. मला चक्र-सिंहापेक्षा ही भिंत जास्त बोलकी वाटते.

बाहेर पडल्यावर पाण्याची टाकी शोधा. जुन्या शिलालेखांत अशा टाक्यांना पोढी म्हणत. डोंगरावरून वाहणारं पाणी त्यात साठवून वर्षभर पुरवायचे. ते पाणी आज पिऊ नका, आणि काठावर लहान मुलांचा हात सोडू नका.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. आग्या मोहोळ दिसलं तर त्याखालून जाऊ नका, धूर-अत्तर-आरडाओरडा तर नकोच. आणि भिंतीवर खडूनेसुद्धा नाव लिहू नका. बदामातली नावं तिथे आधीच भरपूर आहेत, त्यात भर घालण्यासारखं काही उरलेलं नाही.

उरलेल्या वेळात

दम असेल तर माथ्यावर जा. कृष्णा-कोयनेचं खोरं आणि उसाचे मळे तिथून छान दिसतात. खाली आल्यावर प्रीतिसंगमावर. दोन नद्या एकमेकींच्या समोरासमोर येऊन भेटतात आणि मग काटकोनात वळतात, असं सहसा पाहायला मिळत नाही. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. जवळच पंताच्या कोटात, म्हणजे कराडच्या जुन्या किल्ल्यात, नकट्या रावळाची प्रचंड पायऱ्यांची विहीर आहे, ती चुकवू नका.

लेण्यांची गोडी लागली, तर पुढच्या सुटीत वाईजवळच्या लोहाऱ्याची पालपेश्वर लेणी गाठा. तिथला स्तूप आज महादेव म्हणून पूजला जातो. आत फुलं-बेल वाहिलेला असतो, म्हणून चपला बाहेर काढा, पूजा चालू असेल तर ती आटोपेपर्यंत थांबा, मग निवांत पाहा. शिरवळची लेणी पुण्याहून येतानाच वाटेत उरकता येतात.