साक्षगंधाच्या (साखरपुड्याच्या) आधी सिकलची टेस्ट: विषय कसा काढायचा, रिपोर्ट कसा वाचायचा, आणि दुखण्याच्या रात्री पेटी कशी वाजवायची

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवतो. दिवाळी झाली की सीझन सुरू, मग होळीपर्यंत आज या गावात उद्या त्या गावात, रात्री पडदा उघडला की पहाटेपर्यंत बोटं चालूच. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसात गावोगावची पोट्टे-पोट्टी नाटक पाहायला येतात, नजरानजर होते, नंबर घेतले जातात आणि उन्हाळ्यात त्यातल्या काहींचे लग्नं लागतात. मी स्टेजच्या खालून हे दहा-बारा वर्षांपासून पाहून राहिलो. माझी लहान बहीण सिकलसेलची, म्हणजे मायबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची पेशंट आहे, एसएस पॅटर्न, दोन्हीकडून एस आलेला. मी स्वतः एएस, म्हणजे वाहक, एकच एस, आजार नाही. ज्याच्यात एसच नाही तो एए. म्हणून प्रेमाबद्दल, दवाखान्याबद्दल आणि गाण्याबद्दल माझं जे मत आहे ते वेगवेगळं सांगताच येत नाही, आमच्या घरात तिन्ही एकाच खोलीत राहतात.

आधी विषय कसा काढायचा ते, कारण सगळे इथंच अडतात.

समोरच्याला कधीच पहिले विचारायचं नाही की "तुमच्या घरी सिकल आहे का". हा प्रश्न ऐकला की माणूस घराची इज्जत वाचवायला लागतो, आणि नाही म्हणून मोकळा होतो. पहिले आपलं सांगायचं. मी माझ्या बायकोला (तेव्हा बायको नव्हती) मंडईच्या गर्दीत नाही सांगितलं, दुसऱ्या दिवशी बस स्टॉपवर सांगितलं, एसटीला अजून वेळ होता, तिच्या हातात कागदात बांधलेला आलुबोंडा होता. म्हटलं माझा पॅटर्न एएस आहे, मला काही त्रास नाही, पण तुझा बी एएस असला तर लेकराला होऊ शकते, तू तपासलं का कधी? ती थोडा वेळ खातच राहिली. मग म्हणाली, "मंग चाल ना, तपासून घेऊ, यात भेवाचं का हाये?" आणि दोन मिनिटांनी, "अन् माझा बी एएस निंगाला तं?" माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हतं. मी तसंच सांगितलं की मले नाही माहीत. मला वाटतं त्या "नाही माहीत"मुळेच ती आली, मी मोठमोठ्या शपथा खाल्ल्या असत्या तर आली नसती.

घरच्यांनी जुळवलेलं लग्न असेल तर अजून सोपं आहे. बायोडाटात रक्तगट लिहितोच आपण, त्याच्या खालच्या ओळीत लिहायचं, सिकल पॅटर्न: एए किंवा एएस. मुलाकडच्यांनी आधी लिहून पाठवायचं. मुलीकडच्यांना आधी विचारतात आणि मुलाचं कोणी पाहतच नाही, हे मला अजिबात पटत नाही. लेकरू एसएस होते तेव्हा एक एस बापाकडून आलेला असते आणि एक मायकडून, दोघांचा सारखा वाटा, तरी आमच्या भागात सुनेलाच बोल लागतो. आणि हे सगळं साक्षगंधाच्या आधी, नंतर नाही. साक्षगंध झालं, मंडपवाल्याला इसार दिला, मग रिपोर्ट आला तर कोणीच शांत डोक्यानं विचार करत नाही.

टेस्ट कुठं? आपल्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, फुकट. आशाताईला सांगितलं तर कोणत्या दिवशी यायचं ते तीच सांगते, बाजाराच्या दिवशी गेलं तर कोणी विचारतही नाही की कुठं चालले. १ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू आहे, त्यात आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांना तपासायचं टार्गेट आहे, त्यामुळे शाळेत नाहीतर कॅम्पमध्ये तुमची टेस्ट आधीच झालेली असू शकते, कार्ड घरात कपड्याच्या पेटीच्या तळाशी पडलेलं असेल, एकदा पाहून घ्या.

पहिली टेस्ट सोल्युबिलिटीची. बोटाला टोचतात, थोडंसं रक्त एका नळीतल्या पाण्यासारख्या औषधात टाकतात, हलवतात आणि पाच-दहा मिनिटं ठेवून देतात. मग ती नळी रेघा मारलेल्या कागदासमोर धरतात. मागच्या रेघा साफ दिसल्या तर निगेटिव्ह. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. माझ्या बायकोची नळी टेक्निशियननं धरली तेव्हा आम्ही दोघं वाकून पाहत होतो, रेघा एक-एक मोजता येत होत्या.

आता हे नीट लक्षात घ्या. ही टेस्ट फक्त एवढंच सांगते की रक्तात एस आहे. एएस की एसएस ते ती सांगत नाही. त्यासाठी दुसरी टेस्ट लागते, इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी, त्यात रक्तातलं ए आणि एस वेगवेगळं करून पाहतात, सॅम्पल मोठ्या दवाखान्यात जाते. आमच्या नात्यातल्या एका पोरीच्या हातात एका दवाखान्यातून नुसती चिठ्ठी दिली, "सिकल पॉझिटिव्ह" एवढंच लिहिलेली. दुसरी टेस्ट लागते हे कोणी सांगितलं नाही. पोराकडच्यांनी ते वाचलं आणि लग्न मोडलं. चार महिन्यांनी आम्ही एचपीएलसी करवलं तर ती निघाली एएस, आणि तो पोरगा एए होता. त्यांच्या एकाही लेकराला सिकलचा आजार झाला नसता. त्या पोरीचं ते वर्ष मी पाहिलं आहे, म्हणून एवढं लांब लिहून राहिलो.

रिपोर्ट वाचताना असं पाहायचं. वाहकाच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ए जास्त असते आणि एस कमी, साधारण ३० ते ४० टक्के. पेशंटच्या रिपोर्टमध्ये एस सगळ्यात जास्त आणि ए जवळपास नसतेच. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर रिपोर्ट फसवतो, दुसऱ्याचं रक्त मोजलं जाते, म्हणून ते आधी सांगायचं. आणि ए२ नावाचा एक आकडा असतो, तो ३.५ टक्क्यांच्या वर असला तर डॉक्टरला थॅलेसेमियाबद्दल विचारा, तोही मायबापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे. एक जोडीदार सिकलचा वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असला तरी लेकराला सिकलसारखाच आजार होऊ शकतो, आणि सोल्युबिलिटीत थॅलेसेमिया दिसतच नाही. म्हणून तुम्ही एएस असाल तर जोडीदाराची नुसती सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली म्हणून थांबू नका, एचपीएलसी मागून घ्या. आम्हीही त्या दिवशी रेघा मोजून घरी नाही गेलो, सॅम्पल देऊनच आलो. पॅटर्न जन्मभर बदलत नाही, एकदा पक्की टेस्ट झाली की झालं. आणि रक्तगटाचा ओ पॉझिटिव्ह आणि सिकल पॉझिटिव्ह यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मला आजही दर सीझनला कोणाला ना कोणाला सांगावं लागते.

हिशोब मी धानावर सांगतो. प्रत्येकाच्या खिशात दोन दाणे असतात. एएसच्या खिशात एक चांगला, एक एस. लेकरू होते तेव्हा माय एक दाणा देते आणि बाप एक, कोणता देणार ते कोणाच्या हातात नसते. दोघंही एएस असतील तर लेकरू एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, एएस होण्याची ५०, एए होण्याची २५. याचा अर्थ चारपैकी एकच लेकरू आजारी होईल असा नाही, दर वेळी दोन्ही खिशात पुन्हा हात घातला जातो, पहिलं एसएस झालं म्हणून दुसरं सुटलं असं नसते. एक एएस आणि एक एए असेल तर लेकरू फार तर वाहक होईल, पेशंट नाही. एसएस आणि एए असेल तर सगळे लेकरं वाहक. एसएस आणि एएस असेल तर निम्मी शक्यता पेशंटची.

म्हणजे एसएस असलेल्या माणसानं लग्नच करू नये असं जे म्हणतात ते चूक आहे. माझ्या बहिणीनं एए असलेल्या पोराशी लग्न केलं तर तिच्या लेकरांना हा आजार होणार नाही. तिचं बाळंतपण जोखमीचं असते, मोठ्या दवाखान्यातच करावं लागेल, पण ती गोष्ट वेगळी.

आणि दोघंही एएस निघाले, जीव लागून बसला आहे, तर? माझं मत स्पष्ट आहे, सोडायचं की नाही ते त्या दोघांनी ठरवायचं, मामानं किंवा सरपंचानं नाही. पण सगळं समजून ठरवायचं. गरोदरपणात १० ते १२ आठवड्यांच्या आसपास वारेचा छोटा तुकडा घेऊन गर्भाचा पॅटर्न तपासता येतो. ही सोय मोठ्या शहरातच मिळते, म्हणून पाळी चुकली की लगेच डॉक्टरला दोघांचे रिपोर्ट दाखवायचे, पाचव्या महिन्यापर्यंत थांबायचं नाही. काही जोडपी मूल दत्तक घेतात. काही जोडपी वेगळी होतात, त्यांनाही कोणी भित्रं म्हणू नये.

वाहक असणं म्हणजे रोगी असणं नाही, हे घरच्या म्हाताऱ्यांना समजवायला मी मलेरियाची गोष्ट सांगतो. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिलं की एएस माणसाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळते. आपला भाग जंगलाचा, हिवतापाचा. आपल्या आज्या-पणज्यांपैकी जे लेकरू हिवतापातून वाचलं त्याच्या अंगात हा एस असण्याची शक्यता जास्त, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. आदिवासी, दलित, ओबीसी, सगळ्यांत सापडतो. माझ्या आजीनं हे ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे थ्यानंच आमाले जगवलं म्हण ना."

पण दोन एस एकत्र आले की तेच रक्त सतावते. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागेवर एकच घटक बदललेला असते, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन. तेवढ्यानं लाल पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते, बारीक नसांमध्ये अडकते. चांगली पेशी १२० दिवस जगते, ही १०-२० दिवसांतच मरते. अडकते तिथं दुखते, आणि ते दुखणं कसं असते ते मी सांगतो.

मागच्या वर्षी धानाच्या रोवणीत बहीण ऐकली नाही, दिवसभर बांधीत पाण्यात उभी राहिली, वरून पाऊस. रात्री अकराला गुडघे आणि पाठ सुरू झाली. अशा वेळी काय करायचं तर पहिले पाणी, थोडं थोडं पण सारखं. अंग गरम ठेवायचं, कोरडे कपडे, गरम पाण्याची पिशवी, बर्फ अजिबात नाही, थंडीनं नसा अजून आवळतात. डॉक्टरनं लिहून दिलेली दुखण्याची गोळी वेळेवर, "सहन कर" म्हणत थांबायचं नाही.

गोळी दिली की मी पेटी काढतो. गाण्यानं सिकल बरा होत नाही, अमुक राग ऐका आणि रक्त शुद्ध करा असे व्हिडिओ फिरतात ते खोटे आहेत, त्यांच्या नादानं दवाखाना लांबवू नका. पण दुखण्याकडे लागलेलं ध्यान गाण्यानं थोडं सुटते आणि श्वास शांत होतो, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे. नाटकात मी जसा वाजवतो तसा इथं चालत नाही. भाता हळू, खालची सप्तक, काळी एक किंवा पांढरी एक, वरच्या पट्टीत गेलं की तिच्या कपाळाला आठ्या पडतात. ठेका लावायचा नाही, लावलाच तर मोबाईलवर दादरा, एकदम संथ. नवं गाणं नको, तिला लहानपणापासून पाठ असलेलं भजन पाहिजे, ज्यात पुढची ओळ काय ते तिला माहीत आहे. ओळ संपली की भाता धरून मी थांबतो, ती तेवढ्यात श्वास सोडते. त्या रात्री तिचा उजवा अंगठा गोधडीवर तालात हलायला लागला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते, माय उशाशी बसून होती, आणि आम्ही तिघंही बोललो नाही. ती म्हणाली बंद कर तर बंद करायचं, हेही सांगून ठेवतो, कधी कधी आवाजच नको असतो.

पण काही गोष्टी दिसल्या की पेटी बाजूला आणि तडक दवाखाना, रात्र असो की पाऊस: १०१ च्या वर ताप, छातीत दुखणं किंवा दम लागणं, एकदम पिवळं-पांढरं पडणं, लहान लेकराचं पोट डावीकडून फुगणं, तोंड वाकडं होणं किंवा हातापायातली ताकद जाणं. पोट्ट्यांना लिंगाचा ताठरपणा दुखत राहतो आणि उतरत नाही असंही होते, लाजेनं सांगत नाहीत, चार तास वाट पाहण्याची गोष्ट नाही ती.

रोजचं म्हणजे फॉलिक ॲसिड, आणि डॉक्टरनं सांगितलं तर हायड्रॉक्सीयुरिया. बाळाच्या रक्तात जे हिमोग्लोबिन असते ते या औषधानं वाढते, दुखण्याचे अटॅक कमी होतात, माझ्या बहिणीचे वर्षाला सात-आठ व्हायचे ते दोनवर आले. मधूनमधून रक्ताची टेस्ट करावी लागते. लग्न ठरलं आणि लेकराचा विचार असेल तर बाई असो की माणूस, हे औषध चालू आहे असं डॉक्टरला आधी सांगायचं. बोन मॅरो बदलून आजार जातो, त्यासाठी सहसा भाऊ-बहीण जुळावे लागतात, वाहक भाऊही देऊ शकतो, माझं तपासलं होतं, जुळलं नाही.

आणि तुमचा जोडीदार एसएस असेल आणि त्याला नाटक पाहायचं असेल तर घेऊन या, थंडीत घरी कोंडून ठेवू नका. मोटरसायकलवर रात्रीचा वारा लागू देऊ नका, बसनं नाहीतर गाडीनं या. स्वेटर, कानटोपी, खाली टाकायला जाड सतरंजी, दोन बाटल्या पाणी, गोळ्या आणि कार्ड. साउंडच्या डब्यासमोर बसू नका, ऑर्गनच्या बाजूला बसा, तिथं आवाज नीट येते आणि मध्येच उठून जायला वाट असते. माझी बहीण तिथंच बसते, दुसऱ्या अंकानंतर मी तिला चहा पाठवतो.