आवाज चढवणाऱ्या ग्राहकाशी कसे वागावे

इंदूरच्या शीतलामाता बाजारातील दुकानात साडी परत करायला आलेला ग्राहक आवाज चढवू लागला, तर त्याचे म्हणणे मध्येच न तोडता पूर्ण ऐकून घ्यावे आणि तो हिंदीत बोलत असल्यास उत्तरही हिंदीतच, ‘आप’ म्हणून, सावकाश द्यावे. मग बिल मागावे आणि साडी उजेडात उलगडून पाहावी. येथे कायदा ठाऊक असणे फार उपयोगी पडते, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावरील मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. म्हणून ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीकडे बोट दाखवून वाद वाढवू नये. नुसता रंग आवडला नसेल, तर बदलून देण्याचा निर्णय मालकाचा.

शिवीगाळ मात्र कोणत्याही विक्रेत्याने सहन करू नये, आणि दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींना अशा वेळी एकटे सोडणे मला अक्षम्य वाटते. एकदा स्पष्ट शब्दांत समज द्यावी, मालकांना बोलवावे, आणि ग्राहक अंगावर धावून आल्यास ११२ वर फोन करावा.