लाइन सोडून लोकलला येताय? मग या चुका टाळा

चौदा वर्षं ट्रकच्या लाइनवर, म्हणजे लांब पल्ल्याला, काढली. न्हावा शेव्याहून कंटेनर भरायचा, दिल्लीकडे जायचं, परतीला मिळेल तो माल आणायचा. आता आठ वर्षं लोकलच, म्हणजे जवळच्या फेऱ्याच, चालवतोय. उरण, कळंबोली, तळोजा, भिवंडी, फार तर चाकण. दर दोन-तीन महिन्यांनी लाइनवरचा एखादा गडी आमच्यात येतो आणि पहिल्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर म्हणतो, "शंभर किलोमीटर तर चालवायचंय, त्यात काय!" ते 'त्यात काय' ऐकून ऐकून कान किटले, म्हणून लिहायला बसलो.

काम किलोमीटरमध्ये मोजू नका

ही सगळ्यात मोठी चूक, आणि मी स्वतः केलेली.

लाइनवर दिवसाला चारशे-पाचशे किलोमीटर पडले की दमलो म्हणायचं, अशी अंगाला सवय लागते. लोकलला किलोमीटर साठ आणि दिवस पंधरा तासांचा. माझा पहिलाच महिना होता. नो एन्ट्री, म्हणजे जड गाड्यांना गर्दीच्या वेळेची बंदी, लागायच्या आत निघून जाऊ म्हणून उरणहून पहाटे साडेतीनला गाडी काढली. सहाच्या आत भिवंडीच्या गोदामाच्या गेटवर. पुढे सोळा गाड्या. म्हटलं, चला, झोप काढू. कसली झोप! दर वीस मिनिटांनी रांग एक गाडी सरकते, डोळा लागतो न लागतो तोच मागचा हॉर्न मारतो. दुपारी दोनला गाडी लागली, चारला रिकामी झाली, पोच हातात पडेपर्यंत पाच वाजले. मग संध्याकाळची बंदी, ती उठेपर्यंत पुन्हा रस्त्याच्या कडेला. तेवढ्यात शेठचा फोन, "येता येता तळोज्यातून एक माल उचल." मी मनात हिशेब केला, आज चाललोय किती? साठ-पासष्ट किलोमीटर. दमायला झालंय काय?

रात्री पावणेअकराला शिळफाट्याच्या अलीकडे गाडी दुभाजकावर चढली. डोळे उघडेच होते, दिसत मात्र काही नव्हतं. पुढचं टायर गेलं, अॅक्सलला मार बसला. माणसं वाचली, एवढंच. पहाटेपासून एकोणीस तास होऊन गेले होते आणि त्यातला एकही मी 'ड्युटी'त धरला नव्हता.

कायदा काय म्हणतो ते मी त्यानंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले. लांब पल्ल्याला मंजुरी घेऊन १० आणि ५४. म्हणजे लाइनवरचे जादा तास लोकलला आपोआप लागू होत नव्हते, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ९ तास सुटी. माल भरणं-उतरवणं, गाडीची देखभाल, हिशेब देणं हे सगळं कामाचेच तास.

मेख पुढे आहे. ठिकाणावर नुसतं ताटकळत राहणं १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तरच ते कामाच्या तासांत धरायचं, असं त्यात होतं. मग आमचे गेटवरचे आठ तास गेले कुठे? त्यासाठी दुसरं कलम बघा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, विश्रांती धरून, सगळा दिवस १२ तासांत बसला पाहिजे, असं त्यात होतं. लोकलवाल्याने पाठ करायचा आकडा हा, आठचा नव्हे. आता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विलीन झालाय. रोजचे ८ तास आणि ओव्हरटाइमला दुप्पट मजुरी तिथेही आहे. जुना कायदा पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला लागू नव्हता. पण शेठच्या गाड्या दोन असोत की वीस, झोप सारखीच येते.

माझा उपाय म्हणजे खिशातली दहा रुपयांची वही. गाडी काढली ती वेळ, गेटवर लागलो ती, आत घेतलं ती, पोच मिळाली ती. गेटवर पोचलो की मालाच्या चलनाच्या मागे वॉचमनकडून वेळ टाकून सही घेतो. मोबाइलवर अॅप आहेत म्हणे, असतील. वहीची बॅटरी संपत नाही. सुरुवातीपासून बारा तास झाले की शेठला फोन करून सांगतो, "आजची फेरी संपली." पहिल्यांदा शिव्या खाल्ल्या. नंतर याच वहीवर शेठने गोदामवाल्याकडून थांब्याचे पैसे वसूल केले, तेव्हापासून वही नवी घ्यायची वेळ आली की तोच आठवण करतो.

तो पिवळा दिवा दाबून ठेवू नका

बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, गाडीच्या सायलेन्सरकडे काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. हायवेवर भरलेली गाडी तासभर एका लयीत पळाली की धूर इतका तापतो की काजळी आपली आपण जळून जाते. लाइनवर असताना हा दिवा तुम्ही पाहिलाही नसेल. लोकलला थांब, सरक, बंद, चालू, अशाने धूर तापतच नाही आणि जाळी भरत जाते.

मग दिवा लागतो. तो सांगत असतो की गाडी उभी करून जाळी जाळून घ्या. गाडीगणिक वीस मिनिटं ते पाऊण तास लागतो. नव्या पोरांना तेवढा धीर नसतो. आमच्यातला एक जण रोज 'नंतर'चं बटण दाबायचा. गाडीची ओढ कमी झाली तरी डिझेल खराब आलंय म्हणायचा. शेवटी भरलेली गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्येच रडायला लागली, मागे दीड किलोमीटर रांग. टो करून वर्कशॉपला नेली, चार दिवस उभी. पाऊण तास वाचवायला गेला होता!

मी दिवा लागला की त्याच दिवशी मोकळ्या जागेत गाडी लावतो. खाली सुकं गवत, पुठ्ठा, ताडपत्री नको, धूर फार तापलेला असतो. आणि 'जाळी काढून टाक, कटकट मिटेल' म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे पुन्हा पाऊल टाकू नका.

बाकीच्या, थोडक्यात

क्लचवर पाय ठेवून रांगेत सरकू नका. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे घ्या. मागचे हॉर्न मारतील. त्यांची क्लच प्लेट तुम्ही भरणार नाही आहात.

ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाची, तारीख लोकलला कोणी बघत नाही. २०० किलोमीटरपर्यंत मुदत एकाच दिवसाची असते, आणि गाडी शनिवारी गेटवर अडकून सोमवारी आत गेली की ती कधीच संपलेली असते. मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच वाढवता येते. ऑफिसला आठवण तुम्हीच करायची.

नो एन्ट्रीच्या वेळा मित्राला विचारून ठरवू नका. मुंबईच्या वेगळ्या, ठाण्याच्या वेगळ्या, आणि सणावाराला त्या बदलतात. पोलिसांची ताजी अधिसूचना बघा.

जवळच तर जायचंय म्हणून जादा माल भरू नका. दंड २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,०००. अंतर किती होतं ते कोणी विचारत नाही.

पगाराची बोलणी फेरीवर करू नका. लाइनवर फेरीचा भत्ता परवडतो. इथे फेरी कधी सुटणार हे गेटवरचा सुपरवायझर ठरवतो. महिन्याचा पगार, जादा तासांचे वेगळे पैसे आणि वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, कोण देणार हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्या.

लोकलला बहुतेक ठिकाणी क्लीनर मिळत नाही. गोदामाच्या बोळात रिव्हर्स घ्यायच्या आधी खाली उतरून मागे चक्कर मारा. मी अजूनही उतरतो, पोरं हसतात.

आणि घरचं. रोज घरी येतो म्हटल्यावर लाइटबिल, शाळा, सासुरवाडी सगळं तुमच्याच अंगावर येतं, आणि विश्रांतीचे ते ९ तास त्यातच जातात. मी घरात सांगून ठेवलंय की सकाळी गाडी काढायची असेल तर रात्री नऊनंतर माझ्याशी फक्त जेवणाबद्दल बोलायचं. बायको म्हणते, लाइनवर होतास तेव्हा फोनवर तरी जास्त बोलायचास.