लहान मुलांच्या आईबाबांनी मृत्युपत्र कसं करावं

धाकटी वर्षाची झाली त्या आठवड्यात आम्ही दोघं एका रात्री कोरा कागद घेऊन बसलो. प्रश्न एकच होता. उद्या आपण दोघंही नसलो, तर या दोघी कुणाकडे राहतील? अर्धा तास कुणाच्याच्यानं काही लिहवलं नाही. 'अभद्र बोलू नये' म्हणून घरोघरी हा विषय मागे पडतो. मला मात्र वाटतं, मुलांचा दाखला घेण्याइतकंच हे काम तातडीचं आहे.

इथे सांगते ते महाराष्ट्रातल्या, हिंदू कायदा लागू असलेल्या कुटुंबांबद्दल (बौद्ध, जैन आणि शीखही त्यात येतात). मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. गोव्यात तर मृत्युपत्रानं साधारण निम्म्याच मालमत्तेची विल्हेवाट लावता येते, बाकी वारसांसाठी राखीव असते. तिथल्या वकिलालाच विचारा.

आधी माणूस ठरवा

कायद्याच्या भाषेत 'पालक' म्हणजे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाची जबाबदारी असलेला माणूस. आईवडील दोघंही गेल्यावर तो कोण, हे मृत्युपत्रात लिहून ठेवता येतं.

पहिलं नाव आजी-आजोबांचं सुचतं. माया त्यांचीच जास्त, पण वयाचा हिशेब करा. मुलगी आज तीन वर्षांची असेल, तर ती अठराची होईल तेव्हा आजी किती वर्षांची असेल? भाऊ किंवा बहीण ठरवलीत, तर त्या घरातल्या नवराबायको दोघांनाही समोर बसवून विचारा. भावानं हो म्हटलं आणि वहिनीला कुणी विचारलंच नाही, असं करू नका; डबे तिलाही भरायचे आहेत. विचार करायला महिनाभर द्या. नाही म्हणाले तर राग धरू नका, वेळेवर खरं सांगितलं हे उपकारच. आणि एक पर्यायी नावही ठरवा.

मूल सांभाळणारा आणि पैसा सांभाळणारा एकच माणूस हवा असं नाही. आमच्याकडे मुली माझ्या ताईकडे जातील, पैशांचा कारभार दीर पाहतील. दोघांचं एकमेकांवर लक्ष राहतं आणि एकट्यावर भारही पडत नाही.

दोघांनीही आपापलं मृत्युपत्र करा

'यांनी केलंय ना, मग झालं' हे इथे चालत नाही. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार वडिलांनी नेमलेला पालक आई हयात असेपर्यंत पुढे येत नाही. आई मागे राहिली आणि तिनं मृत्युपत्रात दुसरं नाव लिहिलं, तर तिचं नाव धरलं जातं. तिनं कुणालाच नेमलं नाही, तर वडिलांनी नेमलेला माणूस उभा राहतो. म्हणून दोन मृत्युपत्रं, दोन्हींत तीच नावं. वाद कोर्टात गेलाच, तर न्यायाधीश मुलाचं हित सगळ्यात वर ठेवतात. त्यामुळे हाच माणूस का निवडला, हे दोन ओळींत लिहिलेलं बरं.

फ्लॅटचं काय होतं, ते समजून घ्या

फ्लॅट एकट्या नवऱ्याच्या नावावर आहे आणि तो मृत्युपत्र न करता गेला, असं समजा. तो फ्लॅट बायको, मुलं आणि नवऱ्याची आई यांच्यात समान वाटला जातो. पुढे बायकोला तो विकून माहेरच्या गावी जायचं झालं, तर मुलांच्या हिश्शासाठी कोर्टाची परवानगी काढावी लागते. सख्खी आई असली तरी. म्हणून बरीच जोडपी लिहितात: सगळं जोडीदाराला, जोडीदार हयात नसेल तर मुलांना.

मुलांना थेट दिलेलं सगळं अठराव्या वर्षी त्यांच्या हातात पडतं. अठराव्या वर्षी एवढी रक्कम मला स्वतःला सांभाळता आली नसती. पैसे पंचविशीपर्यंत विश्वस्तांनी सांभाळावेत आणि तोवर शिक्षण, औषधपाणी त्यातून व्हावं, असा ट्रस्ट मृत्युपत्रातूनच करता येतो. हे कलम तेवढं वकिलाकडून लिहून घ्या. शब्द चुकले तर अट टिकत नाही.

कागद

स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, हातानं लिहिलं तरी चालतं. 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' हे नेहमीचं वाक्य घाला. मालमत्तेची यादी, पालकाचं नाव आणि अंमलबजावणी करणाऱ्या व्यवस्थापकाचं नाव लिहा. मुलांची नावं लिहून 'आणि यापुढे होणारी अपत्ये' असं जोडा. तुम्ही दोन साक्षीदारांसमोर सही करा, त्यांनी तुमच्यासमोर. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात करून घ्या, पुढचे वाद कमी होतात.

नॉमिनी तपासा

बँक खातं असो वा शेअर, नॉमिनी म्हणजे बहुतेक ठिकाणी पैसे ताब्यात घेणारा माणूस. मालक तो होतोच असं नाही. लहान मुलाला नॉमिनी केलंत, तर त्याच्या वतीनं पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचं नावही फॉर्मवर लागतं. विम्यात त्याला अपॉइंटी म्हणतात. लग्नाआधी पीएफला आईवडिलांचं नाव दिलं असेल, तर नवं नामनिर्देशन भरा. कुटुंब झाल्यावर ते जुनं धरलं जात नाही. नवा टर्म इन्शुरन्स घेताना नवऱ्याला १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घेता येते. मग ती रक्कम बायकोमुलांचीच राहते, त्याच्या देणेकऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. हे पॉलिसी घेतानाच सांगावं लागतं.

पालकाला पत्र

याला कायद्यात काही किंमत नाही, पण मी सगळ्यात जास्त वेळ याच्यावर घालवला. लसीकरणाचं कार्ड कुठे आहे. मोठीला कोणतं औषध सोसत नाही. धाकटी अंधाराला घाबरते, बाथरूमचा दिवा चालू ठेवायचा. आजोळी दर मे महिन्यात जायचं, दोघींना एकमेकींपासून वेगळं ठेवायचं नाही. आमचे फोटो लपवू नका, आमच्याबद्दल बोलत राहा.

हे पत्र दर जूनमध्ये, शाळा उघडली की पुन्हा लिहिते. यंदा दिव्याची ओळ खोडली. मग ताईला फोन करून सांगितलं, फाईल कपाटाच्या वरच्या खणात आहे, किल्ली दीरांकडे.