छोट्या महाविद्यालयात अमेरिकन फुटबॉलचा प्रशिक्षक व्हायचे असेल तर

अमेरिकेत एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या ‘डिव्हिजन थ्री’ या तिसऱ्या गटातील महाविद्यालयांना खेळातील कौशल्यासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. तिथे अमेरिकन फुटबॉलचा प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्याने हा नियम आधी नीट समजून घ्यावा, कारण पुढचे बरेचसे काम त्यातूनच उभे राहते.

सुरुवात बहुधा ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून होते: पदव्युत्तर शिक्षणाच्या शुल्कात सवलत, तुटपुंजा भत्ता आणि बदल्यात पडेल ते काम. मैदान आखणे, हेल्मेट नीट करणे हे ओघाने येतेच. पण सामन्यांच्या चित्रीकरणाची छाननी मात्र मन लावून शिकावी. प्रत्येक चालीला कितवा डाउन (दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी मिळणाऱ्या चार संधींपैकी कितवी) होता, त्यातले किती यार्ड बाकी होते, खेळाडूंची मांडणी कशी होती आणि चेंडू घेऊन धावले की पास फेकला, याची नोंद करावी लागते. तिसऱ्या डाउनला सात यार्ड बाकी असताना प्रतिस्पर्धी चारांपैकी तीनदा उजवीकडेच पास टाकतो, असे नोंदींतून दिसले, की बचावफळीचा त्या आठवड्याचा सराव तिथूनच आखला जातो.

खरा कस लागतो तो खेळाडू मिळवताना. हायस्कूलच्या मुलाला महाविद्यालय पटवायचे असते आणि त्याच्या पालकांना शुल्काचे गणित. त्यांच्या स्वयंपाकघरातील टेबलाशी बसल्यावर संघाने किती सामने जिंकले हे आई क्वचितच विचारते. मदत वजा जाता वर्षाला नेमके किती भरावे लागतील, एवढेच तिला हवे असते. हा आकडा आर्थिक साहाय्याचे कार्यालय ठरवते आणि क्रीडा विभागाला त्यात ढवळाढवळ करण्याची मुभा नाही, म्हणून प्रशिक्षकाने तिथे कोणताही शब्द देऊ नये. गोड बोलून आणलेला मुलगा पहिले बिल पाहून निघून जातो.

हे पद पायरी मानायचे की मुक्काम, याचाही विचार लवकर करावा. प्रशिक्षक लान्स लायपोल्ड यांनी डिव्हिजन थ्रीमधल्या विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर विद्यापीठाला 2007 ते 2014 या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली आणि मग बफेलोमार्गे 2021 मध्ये ते कॅन्सस या वरच्या गटातल्या विद्यापीठात पोहोचले. लॅरी केहरेस यांनी मात्र डिव्हिजन थ्रीमधल्याच माउंट युनियनमध्ये 27 हंगाम काढून अकरा विजेतेपदे जिंकली. जॉन गॅग्लियार्डी 2012 पर्यंत मिनेसोटातील सेंट जॉन्समध्ये राहिले. सरावात टॅकल (प्रतिस्पर्ध्याला धरून पाडणे) करू न देता आणि खेळाडूंना आपल्याला नुसते ‘जॉन’ म्हणायला लावून त्यांनी कारकिर्दीत 489 सामने जिंकले. माझा कल मुक्कामाकडे आहे, कारण पालकांचा आणि हायस्कूलच्या प्रशिक्षकांचा विश्वास दरवर्षी नव्याने कमावता येत नाही.

नोकरीच्या शोधात असाल, तर जानेवारीत भरणारे फुटबॉल प्रशिक्षकांच्या संघटनेचे अधिवेशन चुकवू नये. तिथे व्याख्यानांइतक्याच महत्त्वाच्या गोष्टी बाहेर उभ्या उभ्या होतात, तेव्हा स्वतःची एकपानी माहिती खिशात असू द्यावी.