तेल वितळलं की नाही, हे डोळ्यांना विचारू नका

अल्फा, बीटा-प्राइम, बीटा ही तेला-तुपाच्या स्फटिकरूपांची उतरंड (अस्थिरापासून स्थिरापर्यंत) तुम्हाला पाठ असणारच. हायड्रोजनेटेड, म्हणजे हायड्रोजन जोडून घट्ट केलेल्या तेलावर प्रोजेक्ट मिळाला की सगळे आधी थंड करण्याच्या वेगामागे लागतात. लागा, पण त्याआधी वितळवायला शिका. माझं जवळजवळ अख्खं सत्र यातच गेलं.

नमुना ५० अंशांना पाण्यासारखा नितळ दिसतो. दिसू दे! आत जुन्या स्फटिकांचे अंश टिकून राहू शकतात. पूर्ण हायड्रोजनेट केलेलं सोयाबीन तेल स्वतः जवळपास ७० अंशांना वितळतं. पातळ तेलाबरोबरच्या मिश्रणात ते आधीच विरघळल्यासारखं दिसतं, म्हणून फसगत होते. थंड करायला घेतलं की तेच अंश बीज होतात, स्फटिक वरच्याच तापमानाला धरायला लागतात आणि आपण श्रेय वेगाला देऊन मोकळे. ८० अंशांना दहा मिनिटं ठेवा, मगच थंड करा. दर वेळी. कालच वितळवलेला नमुना असला तरी. सीनियर 'चालतंय रे' म्हणाला तरी; त्याचा प्रबंध जमा झालेला असतो. कारखान्यातही पुन्हा वितळवायला आलेला माल अर्धवट गरम करून पुढे सोडला, तर हाच घोळ होतो.

बाकीचं तितकं अवघड नाही, खरंच. रवाळ वनस्पती तूप हवं असेल तर डबे सावकाश थंड होऊ देतात: स्फटिक थोडे, पण मोठे. बेकरी शॉर्टनिंगचं, म्हणजे बेकरीत लागणाऱ्या घट्ट तुपाचं, उलटं. व्होटेटर या थंड करणाऱ्या यंत्रात झपकन थंड, मग पिन वर्कर या दांड्यांच्या यंत्रात घुसळण. तिथे वेळ कमी पडला तर स्फटिकीकरण खोक्यातच चालू राहतं. भरलेल्या खोक्याच्या मधोमध थर्मामीटर खुपसा, पारा चढताना दिसेल. असा माल पुढे कडक आणि ठिसूळ निघतो. टेम्परिंग, म्हणजे साधारण २७ अंशांना एक ते तीन दिवस, उरकल्याशिवाय पोत मोजूच नका. फ्रिजमध्ये ठेवून वेळ वाचवणाऱ्यांचे आकडे मी तरी वाचत नाही.

जुने पेपर जपून वापरा. आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून ट्रान्स फॅटला २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे अंशतः हायड्रोजनेशनच्या जागी पाम तेल आणि इंटरएस्टरिफिकेशन (तेलाच्या रेणूंतल्या स्निग्धाम्लांची अदलाबदल) आलं. पामचा कल बीटा-प्राइमकडे, पूर्ण हायड्रोजनेटेड सोयाबीनचा बीटाकडे. जुन्या पेपरांतला थंड करण्याचा वेग आजच्या मिश्रणांना जसाच्या तसा लागू होत नाही.

आणि डीएससीच्या (वितळताना-गोठताना किती उष्णता शोषली वा सोडली जाते ते मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखातल्या प्रत्येक शिखराला लगेच स्फटिकरूपाचं नाव देऊ नका. एक्स-रेसाठी दुसऱ्या विभागात चहा पाजावा लागला तरी पाजा. स्फटिकातल्या थोड्या अंतरांच्या मोजणीत ४.६ आंगस्ट्रॉमला (मीटरचा हजार कोटीवा भाग म्हणजे एक आंगस्ट्रॉम) ठळक रेघ आली तर बीटा, ३.८ आणि ४.२ च्या आसपास आल्या तर बीटा-प्राइम.